कोणीही न गेलेल्या देशात कसे जावे

प्रथम देश निवडावा. दुबई, थायलंड, सिंगापूर बाद. तिथे गंगापूर रोडवरची निम्मी सोसायटी जाऊन आलेली असते आणि न विचारता हॉटेल सुचवते. देशाची परीक्षा सोपी आहे. आत्याला नाव सांगावे. ‘अरे देवा, तिकडे युद्ध चालू आहे ना?’ असे ती म्हणाली की देश पक्का. किरगिझस्तान या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होतो. युद्ध नसले तरी नावाच्या शेवटी ‘स्तान’ आहे, आत्याला तेवढा पुरावा पुरतो. ‘त्यापेक्षा अष्टविनायक करून या’ हा सल्ला मान डोलावून ऐकावा. वाद घालू नये, डबा तिच्याकडूनच यायचा असतो.

पासपोर्ट हा नाशिककराचा घरचा माल. अख्ख्या देशाच्या पासपोर्टच्या पुस्तिका नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापल्या जातात. ही माहिती इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला देऊ नये. त्याला कौतुक नसते. पुस्तिका ३६ पानी घ्यावी. ६० पानीही मिळते, पण तिची कोरी पाने दहा वर्षे आपल्याकडे बघत बसतात.

किरगिझस्तानचा व्हिसा ऑनलाइन मिळतो. शेजारच्या कझाकस्तानात तर २०२२ पासून भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही. मात्र सहज शिरता येणाऱ्या देशाला समाजात मान नसतो, म्हणून ‘व्हिसाचं फार अवघड होतं हो’ असे सुस्कारा सोडून म्हणावे. ज्यांना इथिओपियासारखे काही हवे असेल, त्यांनी पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी. दाखला नसेल, तर परतल्यावर सहा दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात. प्रवासवर्णनात ते शोभून दिसते, रजेच्या अर्जात नाही.

मीना प्रभु निघण्यापूर्वी वाचू नयेत. इराण, मेक्सिको, तुर्कस्तान, दक्षिण अमेरिका, सगळीकडे बाई आधीच जाऊन, जाडजूड पुस्तक लिहून मोकळ्या झालेल्या आहेत. उमेद खचते. आल्यावर वाचाव्यात, आपण काय पाहायचे राहिले ते कळते.

डॉलरच्या नोटा कोऱ्या करकरीत न्याव्यात. घडी पडलेली, शिक्का उमटलेली नोट किरगिझ राजधानी बिश्केकचा सराफ उजेडात धरतो आणि काही न बोलता परत सरकवतो. पाकिटात दुमडून ठेवण्याची सवय इथेच मोडावी.

आता मुख्य विषय, मार्श्रुत्का. ही तिकडची वडाप. वेळापत्रक नाही, भरली की सुटते. बिश्केकहून काराकोलला, इसिक-कुल सरोवराच्या काठाकाठाने, सुमारे ४०० किलोमीटर ती नेते. परदेशी पाहुणे इथे गांगरतात. नाशिकच्या द्वारका चौकात ‘मुंबई, एक सीट, एक सीट’ ऐकून गाडीत बसलेल्या आणि त्यानंतर आणखी चौघांना चढताना पाहिलेल्या माणसाला मात्र वेगळे प्रशिक्षण लागत नाही. खिडकीची जागा धरावी, सामान मांडीवर घ्यावे, ‘कधी सुटणार?’ हा प्रश्न कोणत्याही भाषेत विचारू नये.

सोंग-कुल सरोवराकाठच्या कुरणात, ३००० मीटरवर, यर्ट नावाच्या तंबूत मुक्काम करायचा तर उन्हाळाच. एरवी वाट बर्फाखाली. तिथे वाडग्यातून कुमिस पुढे येईल. घोडीचे आंबवलेले दूध, आंबट, किंचित मादक. नाही म्हणणे अपमानाचे, म्हणून घोट घ्यावा. आत्याला ‘ताकासारखं होतं’ एवढेच सांगावे. शाकाहाऱ्यांनी गरम नान, टोमॅटो-काकडी आणि कोंडाजीचा चिवडा यांवर भिस्त ठेवावी.

एक धोका सांगायचा राहिला. बिश्केकच्या ओश बाजारात, आपण इथवर आलेले पहिलेच मराठी, या आनंदात असताना मागून ‘ए, टोमॅटो कितीला दिले रे त्यानं?’ ऐकू येईल. दचकू नये. ही एमबीबीएसला आलेली आपलीच पोरे. त्यांच्याकडून मार्श्रुत्काचा नंबर, स्वस्त सिमकार्ड आणि वरणभात मिळणाऱ्या मेसचा पत्ता घ्यावा, बदल्यात चिवड्याचे पाकीट द्यावे. फोटोत मात्र त्यांना येऊ देऊ नये.