कार्य आराखडा

अनुदानाच्या प्रस्तावातला कार्य आराखडा म्हणजे अजून न मिळालेल्या पैशातून, अजून न नेमलेल्या माणसांनी कोणत्या महिन्यात काय करायचे याचा तपशीलवार तक्ता. त्यातले आडवे पट्टे हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखले जातात. तक्त्याच्या जोडीला येणारी उद्दिष्टे, निष्पत्ती आणि गृहीतके यांची चौकट १९६९ च्या सुमारास यूएसएड या अमेरिकी सरकारी मदतसंस्थेसाठी तयार झाली. गृहीतकांचा रकाना सर्वांत कामाचा. पाऊस वेळेवर पडेल, ग्रामसभा भरेल, सरपंच बदलणार नाही, असे तिथे लिहून ठेवले की जबाबदारी परस्पर निसर्गाकडे आणि निवडणुकीकडे वर्ग होते.

महाराष्ट्रातल्या पाणलोट प्रकल्पात या तक्त्याची खरी कळा दिसते. खोदाई उन्हाळ्यात करायची असते. पण आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि करार, सह्या, पहिला हप्ता यांत जून उजाडतो. मग सलग समतल चर कागदावर जुलैत, भर पावसात खणले जातात आणि लोकसहभागाच्या बैठका नेमक्या पेरणीच्या आठवड्यात बसतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्चण्याची जबाबदारी टाकली, तेव्हापासून ३१ मार्च हाही एक हंगाम झाला आहे. त्याआधीच्या पंधरवड्यात वर्षभराची प्रशिक्षणे चहा-नाश्त्यासह उरकतात.

शाश्वततेचा परिच्छेद शेवटी येतो: प्रकल्प संपल्यावर देखभाल गावसमिती करेल. ही समिती स्थापन करण्याचे काम तक्त्यात शेवटच्या महिन्यात दाखवलेले असते.