राजा पानविड्याएवढा

हॉलंडचा आधुनिक इतिहास कुठे बसून वाचावा असं कुणी विचारलं, तर मी बुलढाणा जिल्हा सुचवीन, आणि महिना वैशाख. त्यातही घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोदकडे, जिथे दुपारी दाराच्या कडीला हात लावण्याआधी माणूस दोनदा विचार करतो. कारण त्या इतिहासातला खलनायक पाणी आहे. ते रात्री येतं, बांध फोडतं, गोठे आणि घरं घेऊन जातं; त्याला हुसकावलं की नायकाचा जय होतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये हे वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येत असेल. आपल्याकडे, नळ कधी येईल याची शाश्वती नसताना, मन हळूच खलनायकाच्या बाजूला सरकतं. शेजारच्या आजोबांना मी सांगितलं, की त्या देशाची जवळपास चौथाई जमीन समुद्रसपाटीखाली आहे आणि तिथले लोक पाणी उपसून बाहेर टाकायला कर भरतात. सुपारी कातरता कातरता त्यांचा अडकित्ता थांबला. ‘‘बाप्पा! मंग थे पानी इकडं धाडा म्हना.’’

त्या देशाच्या इतिहासात महायुद्ध आहे, तह आहेत, राण्या आहेत. पण ग्रंथ उलटा धरून झटकला, तर खाली बहुतेक गाळच पडेल. कॉर्नेलिस लेली नावाच्या इंजिनिअरने १८९१ साली एक आराखडा मांडला. झाउडर झे नावाचा समुद्राचा फाटा देशाच्या पोटात शिरला होता, त्याच्या तोंडावरच बांध घालायचा. लेली तीनदा मंत्री झाले, तरी आराखडा आराखडाच राहिला. १९१६ च्या जानेवारीत समुद्र आत आला आणि फाइल हलली. १९१८ ला कायदा झाला आणि २८ मे १९३२ रोजी बत्तीस किलोमीटर लांब बांधाचं शेवटचं भगदाड बुजलं. तोवर लेलींना जाऊन तीन वर्षं झाली होती. कागदापासून बांधापर्यंत एक्केचाळीस वर्षं! हे वाचलं आणि मला त्या थंड, शिस्तशीर देशाबद्दल एकदम घरचा जिव्हाळा वाटला. आमच्या नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगावचं धरण आहे. त्याला मंजुरी गेल्या शतकातली आणि काम चालूच. एक्केचाळिसाला अजून अवकाश आहे. हॉलंडच्या बरोबरीने राहायला हरकत नाही.

बांध पुरा झाल्यावर आत अडकलेल्या समुद्राचं काय झालं, ते फार सुंदर आहे. नदीचं पाणी येत राहिलं, खार धुपत गेला आणि काही वर्षांत समुद्राचं गोडं तळं झालं. हे वाचताना पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाने क्षणभर पुस्तक मिटावं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. त्याची गाज कुणाच्या कानी पडलेली नाही, पण विहिरीला चव त्याची. पाहुण्याला पाणी देताना ‘हे गोडं आहे हं’ असं सांगावं लागतं. वर घाटावर लोणारला उल्का पडून झालेलं अख्खं तळंच खारं. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबीसुद्धा झालं. तिकडे ज्यांच्या उशाशी समुद्र, त्यांनी तो गोड करून घेतला. आमच्याकडे तो न येताच खारट करून गेला.

पण गोड झालेलं सगळ्यांनाच गोड लागत नाही. झाउडर झेच्या मध्यावर उर्क नावाचं मासेमारांचं बेट होतं. १९३९ साली बांधाने ते किनाऱ्याला जोडलं, मग भोवतालचं पाणी उपसलं आणि १९४२ पर्यंत बाजूला शेतजमीन उघडी पडली. बेट जागचं तसूभर हललं नाही आणि बेट राहिलं नाही. शेजारी नांगर फिरू लागले, तरी उर्कच्या लोकांनी होड्या विकल्या नाहीत. त्या लांब उत्तर समुद्रात नेल्या. आजही ते गाव मासळीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. जिगावच्या बुडितात जाणाऱ्या गावांचं याच्या अगदी उलट. तिथे गाव सोडून पाणी गेलं, इथे पाण्यासाठी गाव निघालं. नव्या गावठाणात सरळ रस्ते आखलेले असतात, प्लॉटला नंबर असतात. फक्त संध्याकाळी कुणी कुठे टेकायचं, हे नकाशात दिलेलं नसतं. उर्कचा म्हातारा आणि पूर्णाकाठचा म्हातारा एका बाकावर बसले, तर भाषेवाचून त्यांचं अडणार नाही.

भिंतीच्या भोकात बोट घालून रात्रभर बसलेल्या डच मुलाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. ती जगभर नेली एका अमेरिकन बाईंच्या १८६५ च्या कादंबरीने. खरी गोष्ट बोटाची नाही, होडीची आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वादळ आणि उधाण एकत्र आलं. त्या पुरात नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं गेली. पहाटे एके ठिकाणी बांध फुटू लागला, तेव्हा आरी एव्हेग्रून नावाच्या नावाड्याने आपली मालवाहू नावच त्या भगदाडात आडवी घातली. बूच बसलं, मागची लाखो माणसं वाचली. बोट घालणाऱ्या मुलाचा पुतळा पर्यटकांसाठी उभा राहिला, हेही ठीकच. बोट सगळ्यांकडे असतं. नाव प्रत्येकाची नसते.

याच पाण्यावर ते लोक प्रेमही करतात, पण ते गोठल्यावर. फ्रीसलंड प्रांतात अकरा गावांमधून गोठलेल्या कालव्यांवर स्केटिंगची सुमारे दोनशे किलोमीटरची शर्यत होते. १९६३ साली जवळपास दहा हजार लोक निघाले आणि शेवटाला मोजकेच पोचले. अट एकच, बर्फ सगळीकडे पंधरा सेंटिमीटर जाड हवा. तो शेवटचा जमला ४ जानेवारी १९९७ रोजी. तेव्हापासून जरा कडक थंडी पडली, की जाणती मंडळी कालव्यावर जाऊन बर्फ मोजतात, टीव्हीवाले त्यांच्या तोंडाकडे बघतात आणि अख्खा देश श्वास रोखतो.

हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, वर पुरी, पापड, कुरडई. दुसऱ्या दिवशी पहाटे जाणती माणसं कुठलं ढेकूळ किती भिजलं, कुठला दाणा किती सरकला ते बघतात आणि शेतकरी त्यांच्या तोंडाकडे. हवामान खात्याने मान हलवावी. ती नकारार्थी हलवायचा त्याला पूर्ण अधिकार आहे. पण फ्रीसलंडचा बर्फ मोजणारा तिथे आला, तर चपला काढून गर्दीत उभा राहील.

या मांडणीत राजाही असतो. देशाचा कारभारी म्हणून घागरीच्या पायाशी ठेवलेला पानविडा. इतिहासाचं प्रमाण इतकं नेमकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. डच राण्यांनाही ते उमगलं असावं. विल्हेल्मिना १९४८ साली, युलियाना १९८० साली, बेआट्रिक्स २०१३ साली, तिघी आपणहून गादीवरून उतरल्या. बेआट्रिक्सचा मुलगा आज राजा आहे; १९८६ च्या त्या शर्यतीत तो टोपणनाव घेऊन उतरला होता आणि बर्फावरचे दोनशे किलोमीटर त्याने इतरांसारखेच घामाने कापले. बर्फाने त्याला राजपुत्र म्हणून सवलत दिल्याची नोंद नाही.

भेंडवळहून परतणारा शेतकरी आधी पाऊस विचारून घेतो, मग कपाशी, मग तूर, आणि पाय मोटारसायकलवर टाकता टाकता राजाचं काय ते विचारतो. वर्तमानपत्रं दुसऱ्या दिवशी हेच भाकीत उलट्या क्रमाने छापतात. सवडीने इतिहास लिहिणाऱ्याने यांतला कुठला क्रम घ्यावा, हे मी सांगायची गरज नाही. त्याच्या घरी नळाला पाणी किती दिवसांनी येतं, त्यावर ते ठरेल.