पोळी अख्खी वाढा

व्यवसायोपचार शिकवणाऱ्या माणसाला चहासुद्धा निवांत पिता येत नाही. समोरचा कपाच्या कानात बोट कसं घालतो, मनगट किती वळवतो, बशी कुठल्या हातात धरतो, हे डोळे टिपतच राहतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी 'चहा करणे' या कामाचे टप्पे लिहून आणायला सांगते. एका चिरंजीवांनी दोनच आणले: आईला हाक मारणे आणि वाट बघणे. अभ्यास म्हणून शून्य, पण निरीक्षण म्हणून उत्तम. आमचे कितीतरी पुरुष रुग्ण या कामात आजारपणाच्या आधीपासूनच परावलंबी असतात.

व्यवसायोपचार, म्हणजे रुग्णाला रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणं, हा विषय आपल्याकडे शिकवायला सुरुवात केली कमलाबाई निंबकरांनी, १९५० साली, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात. माहेरच्या त्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकेच्या. बाई इथल्या झाल्या. आमच्या मोजपट्ट्या मात्र अजून माहेरीच आहेत. रोजच्या कामांतलं स्वावलंबन मोजणारा १९६५चा बार्थेल निर्देशांक शंभर गुणांचा. त्यात जेवणाला दहा. पावाला लोणी लावायला मदत लागली की पाच. हाताचं काम तपासणाऱ्या १९६९च्या जेब्सन चाचणीत घड्याळ लावून चमच्याने राजम्याचे पाच दाणे उचलून डब्यात टाकायचे. त्यामुळे आमच्या कपाटात राजमा असतो, आणि पावसाळ्यात या शास्त्रीय उपकरणाला किडे लागतात.

उजवी बाजू लुळी पडलेले आजोबा येतात. त्यांना राजम्याशी कर्तव्य नसतं, त्यांना पोळी मोडायची असते. एका हाताने पोळी मोडणं ही काय करामत आहे, हे ती हातून गेल्यावरच कळतं. करंगळी आणि अनामिकेने दाबून धरायचं, अंगठा आणि तर्जनीने तुकडा ओढायचा. एकाच हाताने धरायचंही आणि सोडवायचंही. डाव्या हाताने करा म्हणावं, तर पंगतीत डावा हात ताटात घालायची आजोबांना लाज. मग ते घरी बसून चमच्याने दूधभात खातात. स्वतःचा स्वतः खातात, म्हणून पट्टीवर दहापैकी दहा! लग्नाची आमंत्रणं मात्र टाळतात. हे टाळणं कुठल्या रकान्यात भरायचं?

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मी पोळीच्या मागे लावते. 'मॅडम, यावर पेपर छापून येईल?' हा त्यांचा पहिला प्रश्न. खरी अडचण पुढेच असते. घरी जाऊन निरीक्षण करावं, तर तुकडे सुनेने आधीच करून ठेवलेले. शर्टाची बटणं मुलाने लावलेली. सगळं मायेनेच चाललेलं असतं, त्यामुळे रागावताही येत नाही.

तेव्हा, घरात असं कुणी सावरत असेल तर एवढं करा. शर्ट घालताना दुबळा हात आधी बाहीत, काढताना शेवटी, हे एकदा दाखवून द्या आणि बटणांपुरते खोलीबाहेर जा. ताटात पोळी अख्खी वाढा. वेळ लागेल, तोवर तुम्ही आपलं जेवायला लागा, त्यांच्या ताटाकडे बघू नका.