एका धर्मादाय गृहस्थाचा विनंतिअर्ज

रा. रा. करनिर्धारक व संकलक महाशय यांस,

सा. न. वि. वि.

मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून लागू झालेल्या करमाफीस माझी मिळकत अवघ्या बारा फुटांनी मुकली असल्यामुळे, आणि 1888 च्या महानगरपालिका अधिनियमाचे 143 वे कलम केवळ सार्वजनिक उपासना वा धर्मादाय कार्य यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तूस सर्वसाधारण कर माफ करते, हे वाचनात आल्यामुळे, सदर घर धर्मादाय म्हणून दप्तरी दाखल करून घ्यावे, अशी नम्र विनंती आहे. पाणीपट्टी मी बिनतक्रार भरीन.

नफ्याचा संशय नसावा. माझ्या जमाखर्चात शिल्लक कधी पडलेलीच नाही. नोकरीच्या शोधार्थ आलेल्या दोन भाच्यांसाठी येथे अन्नछत्र अहोरात्र चालू आहे. धर्मादाय रुग्णालयांवर 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत राखण्याचे जे बंधन आहे, तेही मी शिरोधार्य मानले असून, घरात खाटा दोनच असल्याकारणाने, हिशेबाने येणारा एका खाटेचा पाचवा हिस्सा पायथ्याकडून राखून ठेवला आहे.

हा परोपकार घरगुती आहे, सार्वजनिक नव्हे, अशी हरकत आपण घ्याल, आणि ती रास्तच आहे. परंतु ज्या भागात व्यापार चालतो किंवा ज्याचे भाडे येते, तो भाग, ते भाडे पुढे धर्मकार्यास लावले तरीही, माफीस अपात्र ठरतो, असेही तेच कलम बजावते; आणि आमच्या शेजारच्या न्यासाने मात्र अखंड इमारतीची माफी मागितली आहे, जिच्या तळमजल्यावर मंगल कार्यालय असून भाड्याची पावती ‘ऐच्छिक देणगी’ या नावाने, दरपत्रकाबरहुकूम, फाडली जाते, आणि ज्ञानदान तेवढे जिन्याखालच्या एका कुलूपबंद कपाटात चालते.

गोरगरिबांच्या खऱ्या दवाखान्यास कर माफ झाला तर त्याचा वाटा आम्ही शेजारी आनंदाने उचलू. कारण माफ झालेली रक्कम हवेत विरत नाही, कोणाच्या तरी बिलात ती उगवतेच. म्हणूनच माफी कोणास द्यावी, हे दर्शनी फलकापेक्षा आतल्या वहिवाटीवरून ठरावे, एवढेच मागणे.

माझ्या घराची तपासणी करावयास आपला निरीक्षक आल्यास त्याने परतताना शेजारीही डोकावावे. मात्र लग्नाची तिथी पाहून यावे. एरवी तेथे निखळ धर्मादायच आढळेल.

आपला नम्र,
एक विनानफा करदाता