पाइनचा बिनपगारी पेरणीदार

अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात, जिथे वारा झाडाला धड सरळ उभं राहू देत नाही, तिथे व्हाइटबार्क पाइन हजार-हजार वर्षं काढतो. शेजारी राहतो कावळ्याच्या कुळातला राखाडी पक्षी, क्लार्क्स नटक्रॅकर. दोघांत थोर कोण, असं विचारलं तर बोट झाडाकडेच जाईल. वय, उंची, रुबाब, सगळं त्याच्या बाजूने. पण वंश वाढवायची वेळ आली की महाराजांचं घोडं अडतं. बियांना पंख नाहीत, म्हणजे वाऱ्याचा काही उपयोग नाही. आणि शंकू पिकला तरी आपणहून उघडत नाही.

तो फोडतो नटक्रॅकर. लांब टोकदार चोच खवल्यांत खुपसून बी उपसायची, चोचीतल्या चोचीत वाजवून बघायची, पोचट निघाली तर खुशाल फेकायची. भरीव बिया जिभेखालच्या पिशवीत. तिच्यात शंभराच्या आसपास बिया मावतात, मग गळ्याशी हा एवढा फुगवटा! हंगामभरात असा हजारो बियांचा साठा तो तीन-चारच्या पुंजक्यांनी मातीत पुरतो आणि पुढे कित्येक महिन्यांनी, बर्फ उकरूनसुद्धा, दगड-ओंडक्यांच्या खुणांवरून हुडकून काढतो. मंगल कार्यालयाच्या दारात स्वतःच्या चपला न सापडणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

बरं, कोठाराचा पत्ता ज्याचा त्यालाच ठाऊक. त्यामुळे मादी आपला साठा उकरायला गेली की नर निमूटपणे अंडी उबवतो. ऐन थंडीत! कावळ्याच्या गोतावळ्यात असे नर विरळाच.

पोटाला लागतील त्यापेक्षा जास्त बिया तो पुरतो. उरलेल्या रुजतात. पाइनचे चार बुंधे एकमेकांना खेटून उभे दिसले, तर बहुधा ती एकाच विसरलेल्या पुंजक्यातली भावंडं असतात.

१८०५ साली हा पक्षी पाहिला तेव्हा शोधमोहिमेवर निघालेल्या विल्यम क्लार्कला तो सुतारपक्षी वाटला होता. तरी नाव त्याचंच लागलं.

झाडाला मात्र या पक्ष्यावाचून गत्यंतर नाही, पक्ष्याला आहे. पाइनकडे शंकू कमी पडले, की तो डग्लस फरकडे वळतो. आणि शंकू कमी पडू लागलेत. १९१०च्या सुमारास फ्रान्सहून व्हँकुव्हरला आलेल्या रोपांबरोबर ब्लिस्टर रस्ट ही बुरशी आली, तिने पाइनची रया घालवली. २०२२मध्ये अमेरिकेने या झाडाला संकटग्रस्त ठरवलं. आता रोगाला दाद न देणारी झाडं हेरून वनखात्याची माणसं उन्हाळ्यात दोर लावून शेंड्यापर्यंत चढतात आणि कोवळ्या शंकूंवर जाळीचे पिंजरे बांधतात. कशासाठी? बिया नटक्रॅकरने नेऊ नयेत म्हणून. मग त्याच बियांची रोपं रोपवाटिकेत वाढवून, पाठीवर वाहून, डोंगरावर एकेक करून लावतात. हे काम तो फुकटात करत होता.