हद्दीबाहेरचा महादेव

आमचे आजोबा पवारांच्या धार संस्थानात दप्तरी कारकून होते, आणि नियम हा देवापेक्षा एक पायरी वर असतो ही श्रद्धा त्यांच्यापासून माझ्यापर्यंत वतनासारखी चालत आली आहे. म्हणूनच सेवानिवृत्त होताच नर्मदेच्या परिक्रमेचा विचार मनात आला, तेव्हा भक्तीपेक्षा तिच्या कायदेकानूंनीच मला अधिक मोहविले : मैया सदैव उजव्या हाताला असावी, तिची धार कोठेही ओलांडू नये, केस-दाढी काढू नये, आणि शास्त्रोक्त मुदत ३ वर्षे, ३ महिने व १३ दिवसांची!

या जाबत्याची खरी झळ मला धरमपुरीस बसली. उत्तरतटाने पूर्वेकडे चालताना, महेश्वराच्या अलीकडे, हे जुन्या परगण्याचे गाव लागते. आणि येथले मुख्य दैवत बिल्वामृतेश्वर महादेव नेमके पात्रातल्या बेटावर, म्हणजे परिक्रमावासीयाच्या हद्दीबाहेर, मुक्काम करून आहे. नाव असो वा पूल, धार ओलांडली की परिक्रमा खंडित. शेकडो कोस तुडवीत यावे आणि साहेबांनी दप्तर पलीकडे हलविलेले असावे, तशी माझी अवस्था होऊन मी घाटावर खिन्न बसलो.

इतक्यात "नर्मदे हर, बाबाजी!" अशी आरोळी देऊन एका चहावाल्याने पेला हाती दिला व पैसे परत केले. चांभाराने वहाणेचा अंगठा शिवून दिला, आणि त्यानेही हात जोडले. न्हाव्याची तर माझ्या नियमाने रोजीच बुडत होती. पण डोक्याला कात्री लावता येत नाही म्हणून त्या सद्गृहस्थाने माझे पाय चेपून दिले. जन्मभर पावतीवाचून पै न सोडलेल्या मला, या बेहिशेबी कारभारात जमा कोणाची आणि खर्च कोणाच्या नावे, हे उमगेना. मग आठवले की, हे गाव दधीचींची तपोभूमी म्हणून आपला अभिमान मिरवते. ज्यांच्या पूर्वजाने मागणाऱ्याला आपली हाडे काढून दिली, त्यांना पेलाभर चहाची पावती मागणे हाच मुळी गुन्हा होता.

सायंकाळी एका म्हाताऱ्या मावशींनी ओसरीवर बसवून ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. भाजीत मीठ नव्हते. संस्थानी रक्त उसळून मी तक्रारीचा मसुदा मनात जुळवू लागलो, आणि पहिले वाक्य ओठांवर येते न येते तोच मावशींनी वाकून माझ्या पायांवर डोके ठेवले. त्यांच्या लेखी मी मैयाच्या दारचा, म्हणजे जवळजवळ देवच होतो. आणि या बाबतीत माझ्या घरच्या मंडळींचा अभिप्राय घेण्याची त्यांना गरज वाटली नव्हती. अख्खा दिवस ज्याला बेटावर शोधीत होतो, त्याची बदली माझ्याच पायांशी झाल्याचे पाहून माझा मसुदा घासाबरोबर गिळला गेला.

देवाच्या तळपायांना फोड येतात असे कोणत्याही पुराणात मी वाचलेले नाही. मावशींना मात्र त्यात काही विसंगत दिसले नाही. त्यांनी समईपाशी बसून माझ्या फोडांना हळद-तेल लावले, आणि उद्या उन्हात फार चालू नये, असे देवाला खडसावून सांगितले.