डॅडी कुणाला म्हणावं, काही धरबंद?

शिव शिव शिव! कुणी कुणाला काय म्हणावं याला काही धरबंदच उरला नाही हो. 25 जून 2025 ची गोष्ट. गाव हेग, निमित्त नाटोची शिखर परिषद. 32 देशांचे कारभारी जमलेले, कॅमेरे रोखलेले. इस्राएल आणि इराण शाळेच्या पटांगणातल्या पोरांसारखे भांडत होते, असं डोनाल्ड ट्रम्प सांगत होते. शेजारी नाटोचे सरचिटणीस मार्क रुटे. ते हसत हसत म्हणाले, की मग डॅडीला कधी कधी कडक भाषा वापरावीच लागते!

डॅडी! बोलणारा कोण, तर 58 वर्षांचा, नेदरलँड्सचं पंतप्रधानपद 2010 पासून 2024 पर्यंत सांभाळलेला गृहस्थ. वयात 21 वर्षांचा फरक आहे, कबूल. पण आपल्याकडे एवढ्या फरकाला ‘काका’ म्हणतात आणि मोकळे होतात. बरं, ती ‘कडक भाषा’ म्हणजे आदल्याच दिवशी ट्रम्प यांनी पत्रकारांसमोर हासडलेली सणसणीत शिवी. तिची ही अशी पाठराखण.

व्हाइट हाउसला संकोच वाटला असेल म्हणता? छे! त्यांनी अशरचं डॅडीवालं गाणं मागे वाजवत दौऱ्याचा व्हिडिओच काढला. ट्रम्प यांच्या गोटातून डॅडी छापलेले टी-शर्टही विक्रीला आले. मग रुटेसाहेबांची सारवासारव. मी त्यांना तसं म्हणालोच नाही; अमेरिका आपल्यासोबत राहणार ना, असं युरोपातले देश विचारतात, तेव्हा ‘डॅडी, घर सोडून नाही ना जाणार?’ असं विचारणारं लेकरू आठवतं, एवढंच. म्हणजे मूळ वाक्यापेक्षा खुलासा सरस! त्याच परिषदेत 2035 पर्यंत संरक्षणावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या 5 टक्क्यांवर नेण्याचं ठरलं. लेकरांनी खिसे मोकळे करायचं कबूल केलं आणि डॅडी घरात राहिले.

पण हे थेर आजचे नाहीत बरं का. सॅन फ्रान्सिस्कोतली आल्मा डी ब्रेटव्हिल नावाची रूपवती 1908 मध्ये अ‍ॅडॉल्फ स्प्रेकल्सशी लग्न करती झाली. नवरा 24 वर्षांनी मोठा आणि साखरेच्या गडगंज घराण्यातला. आल्माबाई त्याला लाडानं ‘शुगर डॅडी’ म्हणायच्या, अशी कथा त्या गावात आजही चवीनं सांगतात. कारखानाच साखरेचा, तेव्हा विशेषणात खोट काढायची सोय नाही. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे साखरसम्राटांची काय वाण होती? पण दादा, आबा, अण्णा, साहेब यांच्यापुढे जायची कुणाची छाती झाली नाही. आल्माबाईंनी मात्र त्या साखरेच्या पैशातून 1924 मध्ये लीजन ऑफ ऑनर नावाचं देखणं कलासंग्रहालय उभं करून घेतलं. तेव्हा नावं ठेवणाऱ्यांनी जरा जपून.

तेवढ्यात हा शब्द पोरांच्या तोंडीही गेला, अगदी शब्दशः. 1925 मध्ये अमेरिकेत काडीवरची चिवट कॅरामेल गोळी निघाली. चावायला जावं तर दाढेला अशी चिकटते की पाच मिनिटं माणसाची बोलती बंद. पहिलं नाव ‘पापा सकर’. 1932 मध्ये बारसं बदलून ‘शुगर डॅडी’ केलं, आणि मागोमाग ‘शुगर बेबीज’ही आल्या! सगळी अब्रू वाण्याच्या बरणीत. आता खरी मेख ऐका. ही गोळी काढणारे रॉबर्ट वेल्च म्हणजे 1958 मध्ये ‘जॉन बर्च सोसायटी’ स्थापणारे कट्टर कम्युनिस्टविरोधक. अमेरिकेला कम्युनिस्टांपासून वाचवायला निघालेल्या माणसाची गोळी आणि तिचं नाव हे!

सध्याचं खूळ तर विचारूच नका. एखाद्या पिकल्या दाढीच्या नटानं फोटो टाकायची खोटी, खाली ‘डॅडी!’, ‘डॅडी!!’ असा पाऊस. म्हणणाऱ्या पोरींचे खरे वडील बहुधा त्याच्याहून धाकटे. या खुळाचा शिरोमणी पेद्रो पास्कल. ‘द मॅण्डलोरियन’ आणि ‘द लास्ट ऑफ अस’ या दोन्ही मालिकांत परक्या लेकराला पदराखाली घेणारा बाप्या रंगवला, आणि इंटरनेटनं त्याला जगाचा डॅडी करून टाकलं. स्वतःला मूल नाही, पण हाका सात खंडांतून. त्यानंही आढेवेढे न घेता किताब मिरवला.

दुसरे एक पेद्रो आहेत, बेसबॉलवाले, पेद्रो मार्टिनेझ. 2004 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क यांकीजकडून मार खाल्ल्यावर ते वैतागून बोलून गेले, की आता यांकीजना डॅडीच म्हणायला हवं. झालं! ऑक्टोबरात यांकीजविरुद्धच्याच मालिकेत ते न्यूयॉर्कच्या मैदानात उतरले, तर अख्खं स्टेडियम एका सुरात विचारतंय, तुझा बाप कोण? एका हताश कबुलीची केवढी ही वसुली! पुढे त्यांच्या बोस्टन रेड सॉक्सनं 0-3 अशा पिछाडीवरून तीच मालिका जिंकली आणि 86 वर्षांनी जगज्जेतेपदही आणलं, ही गोष्ट वेगळी.

आपण मात्र कानांवर हात ठेवायचं कारण नाही. मुंबईत भायखळ्याच्या दगडी चाळीत ‘डॅडी’ म्हटल्यावर कुणाचं नाव निघतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अरुण गवळी. डोक्यावर पांढरी गांधी टोपी, नावामागे गुन्ह्यांची यादी, 2004 मध्ये आमदारकीसुद्धा. 2015 च्या ‘दगडी चाळ’मध्ये मकरंद देशपांडेंनी हा डॅडी साकारला, तर 2017 मध्ये अर्जुन रामपालचा हिंदी सिनेमा आला, नावच ‘डॅडी’. त्या हाकेत लाड कमी, धाक जास्त. पण काम तेच. अडल्यानडल्यानं दारात जायचं, मान खाली घालायची, डॅडी म्हणायचं.

आणि आपला ‘बाप’ तरी कुठे सोवळा राहिलाय? शॉट बाप, गाणं बाप, नट तर बापमाणूस. भांडणात पहिला उद्धारही त्याचाच. तेव्हा कुणाला शिव शिव सुचत नाही.

नीट पाहिलं तर हेगपासून भायखळ्यापर्यंत हिशेब एकच. डॅडी म्हणणारा स्वतः लहान होतो, पण फुकट होत नाही. कुणाला संरक्षण हवं, कुणाला संग्रहालय, कुणाला चाळीतला निवाडा, कुणाला नुसती फोटोखालची एक बदामी खूण. मोठेपण ज्याच्या पदरात पडतं, बिल बहुधा त्याच्याच नावानं फाटतं.

म्हणून सांगते, उद्या कुणी तुम्हाला डॅडी म्हणालं, तर लाजण्याआधी पाकीट चाचपा. आणि जन्मभर ‘बाबा’ म्हणणाऱ्या पोटच्या पोरानं एकाएकी ‘डॅडी’ सुरू केलं, तर फोनमधलं पैशांचं अ‍ॅपसुद्धा.